हप्ता भरतोय, तरी कर्ज का फिटत नाही?

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे ८०,००० रुपये थकलेत. दरमहा किमान रक्कम न चुकता भरतो, तरी आकडा हलत नाही. घरी सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आकडा हलणार कसा? महिना साडेतीन टक्के दर धरला तर व्याज झालं २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,०००. त्यातले मुद्दलात जातात जेमतेम सातशे. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, तेव्हा कार्ड आजच कपाटात टाका. बँकेचं सोनेतारण कर्ज साधारण निम्म्याहून कमी व्याजात मिळतं; ते काढून कार्डाची बाकी एकरकमी मिटवा. सोनं काढायचं तर घरी सांगावं लागेल. सांगाच! ही लपवाछपवी मला व्याजापेक्षा महाग वाटते. पुढे कधी हप्ता चुकलाच, तरी वसुलीवाल्यांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्यांना खुशाल ऐकवा. एवढं करूनही झोप येत नसेल, तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतून, फुकट बोलता येतं.