आमच्या घरची वाकळ

गेल्या वर्षी लोकसाहित्याच्या तासाला सरांनी आम्हाला घरातील एखादी जुनी वस्तू पाहून तिच्याविषयी चार पाने लिहून आणायला सांगितले. कुणी जात्यावर लिहिले, कुणी पाट्या-वरवंट्यावर, एका मैत्रिणीने पणजीच्या पुतळ्यांच्या माळेवर. मी आजीच्या वाकळेवर लिहिले; आणि खरे सांगायचे तर नाइलाजाने लिहिले. जुनी म्हणावी अशी दुसरी वस्तू आमच्या घरात उरलीच नव्हती. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढच्याच साली आजोबा वळकटी घेऊन गावी परतले, आणि घरातली तांब्यापितळेची भांडी त्यानंतर एकेक करून मोडीत गेली. वाकळ मात्र कोण विकत घेणार? म्हणून ती राहिली.

आमच्या सातारा भागात वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी, कानडी मुलखात कौदी. तान्ह्या मुलासाठी शिवलेली ती दुपटे. संस्कृतातील कंथा हा शब्द आपल्याकडे जोगी-बैराग्यांच्या अंगावर राहिला आणि बंगालमध्ये कांथा होऊन घराघरांत गेला. चिंध्या जोडून पांघरणे हे आपल्याकडे केवळ गरिबीचे लक्षण नव्हते, वैराग्याचेही होते. मगधातील शेतांच्या बांधांसारखे तुकडे जोडून भिक्षूंची चीवरे शिवावीत, असे बुद्धाने आनंदाला सांगितल्याची हकीकत विनयपिटकात आहे. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) तर कित्येक गावांत लोक गोधडे महाराज म्हणूनच ओळखत. असो. आमच्या घरी मात्र वैराग्याचा प्रश्न नव्हता, थंडीचा होता.

वाकळेचे माप कुठून येते, हा मला पडलेला पहिला प्रश्न. आजीला विचारले तर ती हसली. "लुगडं सांगतंय की माप!" मग कागदावर हिशेब केला. नऊवारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या की एकेक घडी सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच, पावणेसात फूट भरते. उंच माणूस पाय पसरून निजला तरी पुरावे एवढी ही लांबी आहे. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची. दोघांची वाकळ हवी असेल तर दोन पन्हे जोडायचे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण आमच्याकडे ते अंथरूण लुगडे पाहून ठरत होते.

शिवाय लुगडे एकदम वाकळेत जात नसे. आधी ते मध्यभागी विरे. मग विरलेला भाग कापून दोन्ही धड टोके एकमेकांना जोडायची. याला दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडे आणखी काही काळ नेसायचे. त्यानंतर त्याचे मुलींना परकर, उरलेले वाकळेत, आणि वाकळेतूनही जे गळेल त्याचे सारवणाला पोतेरे. नव्या कापडाची वाकळ चांगली होत नाही, हे आजीचे मत मला आधी भाबडे वाटले होते. पण त्यात तथ्य आहे. नव्या कापडात खळ असते, सुई अडते, बोटे दुखतात. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड सुईला वाट देते आणि अंगालाही टोचत नाही. ऊब कापडाची नसतेच. थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. टाका फार घट्ट ओढला तर हवा राहत नाही, वाकळ फळीसारखी होते. सैल सोडला तर आतल्या चिंध्यांचे गोळे होऊन एका कोपऱ्यात जमतात. धावदोऱ्याचा टाका साधा दिसतो खरा, पण सारे कसब या दोहोंच्या मधले अंतर साधण्यात आहे.

शिवण्याचा काळ चैत्र-वैशाख. सुगी उरकलेली, पेरण्या लांब, अंगण कोरडे. चौघीजणी चार बाजूंना बसत. आणि दसऱ्याच्या आधी 'दसरा काढायचा', म्हणजे घरातले सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचे. भिजलेली वाकळ एकटीला पिळता येत नाही. दोघींनी दोन टोकांना धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो. जावा-जावांचे अबोले त्या दिवशी सुटत, असे आजी सांगते. धुतलेल्या वाकळा काठावरच्या खडकांवर वाळत घातल्या की कुणाकडे किती लुगडी फाटली, कुणाचा हात किती बारीक, हे साऱ्या गावाला दिसे. गौरीच्या आरासीत मागच्या भिंतीवर टांगायलाही आमच्याकडे वाकळच असे, हिरवा काठ वर येईल अशा बेताने.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे हल्याळला गेले होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील या भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांच्या कवंदी मी प्रथमच पाहिल्या. आजी काठापासून सरळ समांतर ओळी घालते. सिद्दी बाई एका कोपऱ्यापासून निघते आणि कडेकडेने फिरत फिरत मध्यावर येऊन थांबते. तुकडेही आधी जोडून न घेता शिवता शिवताच लावत जाते. ख्रिस्ती घरच्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणी पाकळ्या, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांना उघडीनागडी वाटते. परत येऊन मी आजीला कागद दुमडून दाखवले. "कशाला ते? पायात अडकंल," एवढेच ती म्हणाली.

बंगालच्या कांथाचे भाग्य मोठे. १९२९ साली जसीमुद्दीन यांनी तिच्यावर आख्यानकाव्य लिहिले. गुरुसदय दत्तांनी जमवलेल्या कांथा कोलकात्याजवळ त्यांच्या नावाच्या संग्रहालयात गेल्या. आमच्या वाकळेवर मोर नाही, रथ नाही, हत्ती नाही. जे आहे ते आत आहे आणि बाहेरून दिसत नाही. संग्रहालयांचे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही, याचे कारण मला हेच वाटते.

आमची वाकळ १९८३ च्या वैशाखातली. तिच्यात आजोबांची मुंबईची धोतरे आहेत, पणजीचे लुगडे आहे, आणि माझ्या थोरल्या आत्याचा परकर आहे. ही आत्या नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तिचा फोटो नाही. मधल्या काळात वाकळेचा वरचा पदर दोनदा बदलला, पण आतले थर तेच राहिले. यंदा मात्र ती दसऱ्याचे धुणे सोसणार नाही, असे आईने स्पष्ट सांगितले. माझा आग्रह असा, की ती तशीच घडी करून पेटीत ठेवावी, निदान एवढे तरी जपावे. आजीचे म्हणणे उलट. "पेटीत ठिवलं की कसर खातीया, बाये. उसवून नव्या वाकळंत घालू. डोळं हायेत तंवर." नव्या वाकळेला सुती लुगडी कुठून आणायची हाही प्रश्नच होता. आईच्या साऱ्या साड्या टेरिलीनच्या. त्या घसरतात, घाम टिपत नाहीत, कडा सुटतात. शेवटी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडून तीन लुगडी मिळाली.

वैशाखात आम्ही अंगणात बसून वाकळ उसवली. मी दोरा कापत होते, आजी थर उचलत होती. धोतरांचा थर हातातच विरला. त्याखाली परकर निघाला. चाळीस वर्षे उजेड न लागल्याने त्याचा रंग उडाला नव्हता. गर्द जांभळा, बारीक पिवळी फुले. आईने तो पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटले, "आजी, हा वरच्या बाजूला लावू, दिसेल तरी." आजीने तो मांडीवर पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वर नगं. उन्हानं उडंल." आणि पुन्हा मधल्या थरात, उशाच्या बाजूला, घातला.

नव्या वाकळेच्या दोन ओळी माझ्या आहेत. टाके मोठे आणि वाकडे पडले. आजी ते उसवील अशी माझी खात्री होती. तिने उसवले नाहीत. शेवटच्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा ती उरलेल्या हिरव्या काठाचे तुकडे दुमडत बसली होती. तीन कोपऱ्यांना पाकळ्या लागल्या होत्या, चौथी सुईत होती.