वृक्षमंडूक : खाडीकाठचा गोड्या पाण्यातील जीव

न्हावा-शेवा म्हटले की १९८९ साली सुरू झालेले बंदर डोळ्यांपुढे येते, आणि त्यामागे खाडी, खारफुटी व उरण तालुक्यातील मिठागरे. बेडकाची त्वचा पातळ व पाझरणारी असल्याने त्यास खारे पाणी मानवत नाही. त्यामुळे या परिसरात त्याचे जीवन गावातील विहीर, तळे व पावसाळी डबके यांच्याशीच बांधलेले असते.

कोकणात सर्वत्र आढळणाऱ्या वृक्षमंडुकाचे शास्त्रीय वर्णन ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली केले. देह सडपातळ, रंग पिवळट तपकिरी, मांड्यांच्या मागील बाजूस पिवळे ठिपके. बोटांच्या टोकांशी चपट्या चकत्या असल्याने तो गुळगुळीत भिंतीवरही सहज चढतो. दिवसा न्हाणीघराचा ओला कोपरा किंवा केळीच्या पानांचा बेचका गाठून, हातपाय अंगाखाली दुमडून तो निश्चल बसतो व रात्री किडे टिपण्यास बाहेर पडतो. तो विषारी असल्याची समजूत निराधार आहे.

याची खरी नवलाई प्रजोत्पादनात आहे. पाऊस स्थिरावला की मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर अथवा टाक्याच्या भिंतीवर चिकट द्रव सोडते. मागील पायांनी तो घुसळला जाऊन त्याचा पांढरा फेस होतो व त्यातच अंडी राहतात. वरचा थर सुकून आवरण बनतो, आत ओल टिकते आणि पाण्यातील भक्षकांपासून अंड्यांचे रक्षण होते. काही दिवसांनी घरटे मऊ पडते व बेडूकमासे थेंबांसारखे खालच्या पाण्यात गळतात. खाली पाणी नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ!

बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर १९८७ साली बंदी आली, ती मुख्यत्वे शेतातील मोठ्या बेडकांच्या व्यापारामुळे. वृक्षमंडुकाचे संकट निराळे आहे. भराव घालून तळी बुजविली जातात. ऐन पावसाळ्यात टाक्यांची सफाई करताना हा फेस घाण समजून खरवडला जातो. डास-निर्मूलनार्थ सोडलेले गॅम्बुसिया मासे बेडूकमाशांनाही खातात. पिण्याच्या टाक्याची स्वच्छता टाळता येणार नाही, हे उघड आहे. परंतु गुरांचे तळे, शाळेमागील डबके येथे पंचायतीस सवड आहे. शिक्षकांनी असे घरटे जागेवरूनच मुलांस दाखवावे, तोडून वर्गात आणू नये.

शेपूट पुरते आखडण्यापूर्वीच पिल्ले पाण्याबाहेर येऊन काठच्या गवतावर चढतात. तेवढे दिवस ते गवत कापू नये.