24.80 चा शाफ्ट

चि. सोनूस,


काल तुझा फोन आला तेव्हापासून तो शाफ्ट माझ्या डोक्यातून जात नाही. 6205 बेअरिंगसाठी 25 मिलिमीटरचा हवा होता, रात्री अकराला 24.80 झाला, आणि आता तुला बाल्कनीतल्या लेथवर डिजिटल रीडआउट बसवायचा आहे. बसव, पण आधी मला सांग, तुझ्या क्रॉस स्लाइडची डायल त्रिज्येवर आहे की व्यासावर? बऱ्याच छोट्या लेथवर डायल 0.10 फिरवली की टूल तेवढंच पुढे सरकतं, पण जॉब दोन्ही अंगांनी कमी होतो, म्हणजे व्यासातून 0.20 जातात. तू 25.20 वर होतीस आणि शेवटचे 0.20 डायलवर फिरवलेस. मशीनने तू सांगितलं तेच केलं.

शेवटचा अर्धा मिलिमीटर घाईने घेऊ नकोस. समज, 25.60 वर आलीस. तिथे थांब, जॉब गार होऊ दे. पंचवीसचं पोलाद चाळीस अंशांनी तापलं असेल तर माप साधारण एक शतांश जास्त दाखवतं, आणि बेअरिंगच्या बसणीला तो एक शतांशही महाग पडतो. मग टूलला ताजी धार लावून व्यासात 0.30 चा कट घे आणि मायक्रोमीटरने मोज. 25.30 यायला हवं. 25.34 आलं तर समजायचं की जॉब आणि टूल इतके दबतात. आता डायलवरचा हिशोब विसरायचा आणि मोजलेल्या मापावरून 0.34 टाकायचे. दोन्ही कट जवळपास सारखे असल्यामुळे दाबही सारखाच राहतो आणि माप हाती लागतं. केसाएवढे कट घेत राहिलीस तर टूल कापण्याऐवजी घासतं, आणि मग शेवटी एकदम जास्त खातं.

डायल चुकून पुढे गेली तर नुसती मागे आणून थांबू नकोस. स्क्रू आणि नटमध्ये ढिलाई असते. अर्धा फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे येत आकड्यावर थांब.

आता ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसलो ते. कोल्हापुरात उद्यमनगरात मी पस्तीस वर्षं टर्नर होतो. शिकाऊ असतानाची गोष्ट. जॉब फिरत होता, मी हातात एमेरी पेपर धरून पॉलिश करत होतो, आणि बाहीचं बटण लावलेलं नव्हतं. चकच्या जबड्याने बाही ओढली. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने धावत येऊन स्विच बंद केला, शिवण उसवली, म्हणून हात राहिला. माझ्या मशीनचा आवाज बदललेला त्याला माझ्याआधी कळला होता. तुझ्या बाल्कनीत तो माणूस नाही, सोनू. रात्री अकरा वाजता तू दमलेली, एकटी, दार लावून, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

म्हणून एवढं ऐक. आई घरात जागी असेल तेव्हाच लेथ सुरू करायचा. बंद करायचा स्विच अशा जागी घे, की चकवरून हात न नेता दाबता येईल. केस बांधलेले, ओढणी, बांगड्या, अंगठी काढलेली, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे मात्र चालू लेथवर कधीही नाहीत, ते बोटांसकट आत ओढले जातात. चिप्स हाताने उपसायच्या नाहीत, लांब वेटोळं सुरीसारखं कापतं. आणि चकमध्ये चावी असेपर्यंत चावीवरचा हात सुटता कामा नये. फोन वाजला तरी आधी चावी काढायची, मग फोन.

बिडाचा जॉब केलास तर बेडवर आधी कागद अंथर. त्याचा काळा भुगा तेलात मिसळून बेड घासत राहतो.

तो 24.80 चा तुकडा भंगारात टाकू नकोस. त्याच्यावर 24.50, मग 24.00, मग 23.50 असं उतरत ये. प्रत्येक वेळी किती मागितलं आणि किती निघालं ते वहीत लिही. 20 पर्यंत नीट पोहोचलीस तर 6004 बेअरिंग त्यावर बसेल. दिवाळीला येताना वही आणि तुकडा दोन्ही घेऊन ये, माझ्या मायक्रोमीटरने आपण मोजू.

तुझा
मामा