औषध न मिळालेली गावं कशाला मोजायची?

प्रश्न : नवा उपचार तपासताना काही लोकांना तो मुद्दाम देत नाहीत, असं वाचलं. ज्यांना दिला ते बरे झाले की नाही, एवढं पाहिलं तर पुरे नाही का? बाकीच्यांवर हा अन्याय नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर्दी झाली की आपण काढा घेतो. आठवडाभरात नाक मोकळं होतं आणि श्रेय काढ्याला जातं. पण काढा न घेणाऱ्या शेजाऱ्याचं नाकही आठवडाभरात मोकळं होतंच की! काढ्यानं खरंच काही केलं का, हे कळायला त्या शेजाऱ्याचेही दिवस मोजावे लागतात. ज्यांना उपचार दिला तो प्रायोगिक गट. बाकी परिस्थिती होईल तेवढी सारखी ठेवून ज्यांना तो दिला नाही, तो नियंत्रण गट.

याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण आपल्या गडचिरोलीतलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथली 39 गावं प्रयोगासाठी घेतली आणि तुलनेसाठी आणखी 47. पहिली दोन वर्षं, 1993 ते 95, मुख्य काम होतं ते मोजणीचं. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी किती बाळं पहिल्या 28 दिवसांत दगावतात? प्रयोगाच्या गावांत 62, तुलनेच्या गावांत 58. म्हणजे सुरुवातीची स्थिती जवळपास सारखीच होती. ही खात्री फार महत्त्वाची, कारण गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती.

मग 39 गावांत आरोग्यदूत कामाला लागल्या. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या या बाया. बाळंतिणीच्या घरी पुन्हा पुन्हा जायचं, बाळाचं वजन करायचं, अंग गार पडलंय का, अंगावर पितंय का ते पाहायचं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, तर घरच्यांच्या संमतीनं तिथंच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. उरलेल्या 47 गावांत सरकारी आरोग्यसेवा पूर्वीसारखी चालू राहिली.

या कामाच्या तिसऱ्या वर्षी, 1997-98 मध्ये, प्रयोगाच्या गावांतला मृत्युदर 25.5 वर आला. समजा, आपल्या हाती एवढाच आकडा असता. कोणीही म्हणालं असतं, पीकपाणी चांगलं झालं असेल, रस्ते आले असतील, दवाखाना सुधारला असेल. या शंकेला आरोग्यदूतांपाशी उत्तर नव्हतं. उत्तर होतं त्या 47 गावांपाशी : तिथला दर होता 59.6. पीकपाणी, रस्ते यांनीच बाळं वाचली असती, तर ती तिथंही वाचायला हवी होती. 1999 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आता अन्यायाबद्दल. तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि संशोधकांनी तो दर वेळी स्वतःला विचारलाच पाहिजे. उपचार गुणकारी आहे हे आधीच सिद्ध झालेलं असेल, तर केवळ तुलनेसाठी तो कोणापासून रोखणं चूकच. म्हणूनच आजच्या औषध-चाचण्यांत पुष्कळदा नियंत्रण गटाला चालू असलेलं जुनं औषध देतात. पण गडचिरोलीत प्रयोग सुरू झाला तेव्हा, रुग्णालयाबाहेर, झोपडीत, गावातल्या बाईच्या हातून तान्ही बाळं सुरक्षितपणे वाचवता येतात, हे सिद्ध व्हायचं होतं. तुलनेविना ते इतक्या ठामपणे सिद्ध झालं नसतं, आणि इतर जिल्ह्यांतल्या बाळांना त्याचा लाभ पोचायला आणखी उशीर झाला असता.

2011 पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हे देशभरातल्या ‘आशां’च्या कामाचा भाग झालं. तुमच्या गल्लीत बाळंतिणीच्या घरी ‘आशा’ताई वजनकाटा घेऊन येते ना, त्यामागे ती 39 गावं आहेत, तशीच ती 47 गावंही आहेत.