प्रमेही रुग्णातील विषाद : एक दुर्लक्षित अनुबंध

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे मधुमेहाचे जे रुग्ण येतात, त्यांतील कित्येकजण उमेदीची वर्षे मुंबईत घालवून गावी परतलेले असतात. ते साखर सांगतात, तळपायांची आग सांगतात, रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते तेही सांगतात. मनाविषयी मात्र बोलत नाहीत, आणि बहुधा आपणही विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त माझ्याच हातून झालेली अशी एक चूक आहे.

साठीकडे झुकलेले एक गृहस्थ. मधुमेह बारा वर्षांचा. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड चालू. २०२१ च्या पावसाळ्यानंतर ते दौर्बल्य, निद्रानाश व वजन घटल्याची तक्रार घेऊन आले. उपाशीपोटी साखर २१० च्या वर. अपथ्य होत असावे असे गृहीत धरून मी त्यांना रागे भरलो, भात पूर्ण बंद केला आणि तिक्त-कषाय द्रव्यांची मात्रा वाढविली. महिन्याने साखर तशीच व रुग्ण अधिक कृश. तिसऱ्या खेपेस पत्नी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हे धड जेवतच नाहीत. गोळ्या कधी घेतात, कधी उशाखाली ठेवतात. पावसाची सर आली की रात्रभर उठून बसतात.” २२ जुलै २०२१ च्या दरडींत महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. या गृहस्थांच्या बहिणीचे घर त्या दरडींत गेले होते. मी मात्र त्यांना भाताचा हिशेब विचारीत बसलो होतो.

वास्तविक ग्रंथ याविषयी मूक नाहीत. प्रमेह म्हणताच आपल्याला आस्यासुख, स्वप्नसुख, दधि व नवान्न आठवते; परंतु चरकाचार्यांनी निदानस्थानात वातज प्रमेहाच्या हेतूंत उद्वेग, शोक व जागरण यांची स्पष्ट गणना केली आहे. सूत्रस्थानातील वाताच्या नानात्मज विकारांत विषाद आणि अस्वप्न दोन्ही येतात. आणि अग्र्यसंग्रहात, रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिलेले आहे. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस यानेही दीर्घ शोक हे मधुमेहाचे एक कारण मानले होते. २००१ साली ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात ४२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहींमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. हा संबंध दुहेरी आहे. खिन्न माणूस औषध चुकवितो, चालणे सोडतो, अवेळी खातो किंवा खातच नाही. त्याने साखर बिघडते आणि बिघडलेली साखर त्याला आणखी हताश करते.

निदानातील अडचण अशी की तंद्रा व आलस्य ही प्रमेहाची पूर्वरूपेही आहेत. म्हणून थकव्यावरून विषाद ठरवू नये आणि थकवा म्हणजे साखरच असेही समजू नये. रक्ताल्पता व थायरॉइड तपासावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, तेही पाहावे. ग्लिमेपिराइड घेऊन न जेवणाऱ्याला रात्री घाम व धडधड झाली, तर ती ‘भीती’ समजण्यापूर्वी साखर मोजावी.

त्यानंतर दोन प्रश्न पुरेसे होतात. गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस वा आनंद गेला आहे का? उदास, हताश वाटते का? प्रत्येकास शून्य ते तीन गुण. बेरीज तीन वा अधिक आल्यास सविस्तर विचारपूस करावी. मात्र आमच्याकडे ‘उदास’ हा शब्द क्वचितच कोणी वापरतो. “करमत नाय”, “कशात मन लागत नाय” असेच ऐकू येते. प्रश्नही त्याच शब्दांत विचारावा. जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो हा समज चुकीचा आहे. उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णास एकटे न सोडता त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाशी संपर्क साधावा. घरातील इन्सुलिन व कीटकनाशके नातेवाइकांच्या ताब्यात द्यावीत. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे येथून अख्खा दिवस मोडतो. तोवर शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

चिकित्सेत स्थूल व कृश प्रमेही हा चरकोक्त भेद येथे निर्णायक ठरतो. कृश, शोकग्रस्त रुग्णावर कठोर अपतर्पण लादणे म्हणजे वातप्रकोपास हातभार लावणे होय. या गृहस्थांचा भात मी पुन्हा सुरू केला: जुन्या तांदळाचा, मोजका, मुगाच्या कढणासोबत. भातखाऊ मुलखात ज्याचा भात बंद होतो तो पंगतीतूनच उठतो, हे मला आधीच उमगायला हवे होते. अभ्यंग व पादाभ्यंग दिले. पायाची संवेदना कमी असल्याने तेल फार गरम नको आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्या, हे पत्नीस समजाविले. अश्वगंधा लगेच दिली नाही, कारण ती साखर उतरविणाऱ्या औषधांचा परिणाम वाढवू शकते. मानसरोगतज्ज्ञांनी सुरू केलेल्या गोळ्या व मधुमेहाची मूळ औषधे यांत मी हात घातला नाही.

सत्त्वावजय म्हणजे उपदेश नव्हे. पहिल्या दोन भेटींत ते बहिणीविषयी बोलले आणि मी ऐकले, एवढेच घडले. सुश्रुताचार्यांनी प्रमेह्यास शंभर योजने चालण्यास सांगितले आहे; आम्ही घाटरस्त्याने रोज अर्धा तास, शेजाऱ्याच्या सोबतीने, इतक्यावर सुरुवात केली. सहा महिन्यांनी वजन तीन किलोंनी वाढले, उपाशीपोटी साखर १४० च्या आसपास आली. पावसाच्या रात्री झोप अजूनही मोडते. त्यामुळे जून ते सप्टेंबर त्यांच्या भेटी महिन्याऐवजी पंधरवड्याने ठेवल्या आहेत.