चालते काम दुसऱ्या संगणकावर नेताना

बंद पेटी एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे सोपे. पण वडशाच्या एखाद्या कंपनीचे नाटक दुसऱ्या अंकाच्या ऐन रंगात आले असताना, प्रेक्षकांना न कळू देता सारा खेळ शेजारच्या मंडपात हलवावयाचा झाला, तर? पडदे नेता येतील. पण कोणाचे वाक्य अर्धे राहिले, तबला कोणत्या मात्रेवर होता, हेही जसेच्या तसे न्यावे लागेल. चालू काम एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्यातली अडचण हीच आहे.

चालू कामाचा जीव स्मृतीत असतो, आणि ती क्षणोक्षणी बदलते. यावर युक्ती अशी, की काम चालू ठेवूनच स्मृतीची पाने नव्या यंत्रावर उतरवावयाची. तेवढ्यात जी बदलली ती पुन्हा पाठवावयाची. थोडी उरली की क्षणभर काम थांबवून तीही न्यावयाची. २००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ‘झेन’ प्रणालीवर चालू असलेला खेळाचा सर्व्हर असा हलविला, तेव्हा खंड पडला अवघा ६० सहस्रांश सेकंदांचा! मात्र पाने पाठविण्यापेक्षा बदलण्याचा वेग अधिक असेल, तर हे फेरे संपतच नाहीत.

तेथे गाभ्यासकट संपूर्ण आभासी यंत्र हलविले होते. कंटेनरला स्वतःचा गाभा नसतो. उघड्या फायली, प्रक्रियांचे क्रमांक, ग्राहकांशी चाललेले अर्धवट संभाषण यांची नोंद यजमान यंत्राच्या गाभ्यात असते. ती वेचून दुसरीकडे पुन्हा मांडावी लागते. २०११ साली सुरू झालेले ‘क्रियू’ हे साधन तेच करते. तरीही जुन्या प्रोसेसरची एखादी आज्ञा नव्याला ठाऊक नसेल, तर काम कोसळते.

आपल्याकडे मोठे काम असे सहज हलते काय? २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११.४० पासून ३.४५ पर्यंत ठप्प झाले. चेन्नईला राखीव यंत्रणा होती. काम तिकडे नेले गेले नाही. पुढे २ मार्च २०२४ ला, मुद्दाम शनिवार पाहून, ९.१५ ते १० मुख्य यंत्रणेवर आणि ११.३० ते १२.३० राखीव यंत्रणेवर व्यवहार झाले. म्हणजे खेळ थांबवूनच हलविला. प्रस्तुत लेखकास यात कमीपणा वाटत नाही. खेळाच्या सर्व्हरवर एखादी चाल हुकली तर खेळाडू हळहळेल. येथे एकच सौदा दोनदा नोंदला गेला, तर पैसे कोणी भरावयाचे?