ब्राउझर अद्ययावत का होत नाही?

यशवंतपुरातील एखाद्या घरी जुना संगणक आहे आणि त्यावर ब्राउझरची नवी आवृत्ती बसत नाही, असे समजू. दोष क्रमाने शोधावा. प्रथम संगणकाचे घड्याळ पाहावे. तारीख चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अग्राह्य ठरते आणि नवी आवृत्ती उतरवून घेता येत नाही. मग डिस्कवर मोकळी जागा आहे ना, हे पाहावे. ब्राउझर पूर्णपणे बंद करावा, कारण वापरात असलेल्या फायली सहसा बदलता येत नाहीत. एवढ्यानेही न भागल्यास कार्यप्रणाली तपासावी. २०२३ साली आलेली क्रोमची ११०वी आवृत्ती विंडोज ७वर चालत नाही; तेथे १०९वी हीच अखेरची. नंतर उघडकीस आलेल्या त्रुटी तीत दुरुस्त होत नाहीत. म्हणून अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.